उरलेल्या लोकरीची भूमिती

स्वेटर, टोपडे किंवा शाल विणून झाल्यावर जी लोकर उरते, तिचे प्रमाण बहुधा अडचणीचे असते. फेकून द्यावी इतकी ती थोडी नसते आणि तिच्यातून दुसरे काही पुरे व्हावे इतकी ती पुष्कळही नसते. अशा लहानमोठ्या गुंड्यांची एक पिशवी विणकाम करणाऱ्या बहुतेक घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी पडलेली असते आणि तिच्यातला कोणताच रंग एकट्याने पुरणारा नसल्यामुळे ती वर्षानुवर्षे तशीच राहते. या पिशवीचा निकाल लावण्याचे जे उपाय जगभर रूढ झाले, त्यांत क्रोशाच्या सुईने मध्यापासून बाहेर विणत नेलेले चौकोन, षटकोन, त्रिकोण आणि वर्तुळे हा सर्वांत यशस्वी ठरलेला उपाय आहे. हे यश केवळ देखणेपणाचे नाही. लोकर थोडी असणे, ती नाना रंगांची असणे आणि विणणाऱ्याला सलग वेळ न मिळणे या तिन्ही अडचणी गृहीत धरूनच हे आकार घडले आहेत, आणि त्यांच्यामागचे गणित माध्यमिक शाळेतल्या भूमितीपलीकडे जात नाही.

हे काम क्रोशानेच का साधते, हे समजण्यासाठी दोन सुयांच्या विणकामाशी त्याचा फरक पाहावा लागतो. दोन सुयांवर विणताना संपूर्ण रुंदीचे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, त्यामुळे पहिल्याच ओळीला पूर्ण रुंदी पुरेल इतकी लोकर हाताशी हवी आणि सुई निसटली तर ओळच्या ओळ सुटण्याची भीती असते. क्रोशाच्या आकडीदार सुईवर मात्र कोणत्याही क्षणी एकच फास उघडा असतो. आधीचा प्रत्येक टाका तेथल्या तेथे बंद झालेला असतो. म्हणूनच क्रोशाचे काम कोठूनही सुरू करता येते, कोणत्याही दिशेला वळवता येते, वीतभर लोकर उरली असताना थांबवता येते आणि नव्या रंगाने पुन्हा उचलता येते. या रचनेमुळेच क्रोशाचे खरे विणकाम बाजारासाठी माल काढणाऱ्या यंत्रांना अजून साधलेले नाही. बाजारात यंत्रावर काढलेले जे जाळीदार कापड क्रोशा म्हणून विकले जाते ते वेगळ्या पद्धतीच्या यंत्रविणीचे असते, आणि अस्सल क्रोशाची वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी ती कोणाच्या तरी हातानेच विणलेली असते.

पुढचे विवेचन समजण्यासाठी चार-पाच टाक्यांची ओळख पुरे आहे. फासातून धागा ओढून नवा फास, त्यातून पुन्हा नवा फास, अशी जी माळ तयार होते ती साखळी. सुई खालच्या टाक्यात घालून धागा ओढला, सुईवर दोन फास झाले आणि नव्या वेढ्याने ते दोन्ही एकदम सोडवले की मुका खांब होतो. तो ठेंगणा आणि दाट असतो. सुई घालण्याआधीच तिच्यावर धाग्याचा एक वेढा घेतला तर धागा ओढल्यावर सुईवर तीन फास येतात. ते तिन्ही एकदम सोडवले तर अर्धा खांब आणि दोन-दोन करून दोनदा सोडवले तर पूर्ण खांब, म्हणजे नुसता ‘खांब’ तयार होतो. फेरीचे टोक तिच्या सुरुवातीला जोडण्यासाठी, उंची न वाढवता, स्लिप स्टिच घालतात. परदेशी नमुने वाचून विणणाऱ्यांनी येथे सावध राहावे, कारण आपल्या खांबाला अमेरिकी पुस्तके डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पुस्तके ट्रेबल म्हणतात, आणि ब्रिटिशांचा डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. हे न पाहता विणलेला नमुना आकाराने निम्मा तरी होतो किंवा दुप्पट तरी.

या कलेचे वय समजले जाते त्यापेक्षा कमी आहे. डॅनिश संशोधक लिस पलुदान यांनी युरोपातल्या क्रोशाच्या इतिहासाचा शोध घेतला तेव्हा १८०० पूर्वी तेथे क्रोशा होता असे म्हणता येईल असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. क्रोशाचा पूर्वज म्हणून सर्वसाधारणपणे टॅम्बोर भरतकामाकडे बोट दाखवले जाते. चौकटीवर ताणलेल्या कापडात आकडीची सुई खुपसून खालचा धागा साखळीच्या रूपाने वर ओढण्याची ही पद्धत अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात पोचली. कच्छच्या मोची भरतकामातली आरी आणि टॅम्बोरची सुई एकाच कुळातल्या आहेत. पुढे कापडाचा आधार काढून घेऊन तीच साखळी हवेत विणली जाऊ लागली, असा तर्क आहे. छापील नमुने मिळू लागतात ते १८२३ पासून, ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकातून.

सुट्या आकृत्या विणून त्या मागाहून जोडायच्या, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती आयर्लंडमध्ये. १८४५ मध्ये सुरू झालेल्या बटाट्याच्या दुष्काळात उपासमारीला तोंड देणाऱ्या कुटुंबांना मिळकतीचे साधन म्हणून मठांनी आणि धर्मगुरूंच्या घरांतील स्त्रियांनी क्रोशा शिकवला. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ मध्ये असे शिक्षण सुरू केले. एका स्त्रीने गुलाब विणावेत, दुसरीने पाने, तिसरीने ते सारे जाळीने जोडावेत, अशी कामाची वाटणी तेथे झाली. ती आकृत्यांच्या सुटेपणामुळेच शक्य झाली होती. मात्र आयरिश काम बारीक सुती दोऱ्याचे आणि विकण्यासाठी होते, उरल्यासुरल्या लोकरीचे नव्हते. लोकरीच्या तुकड्यांचा चौकोन छापील स्वरूपात दिसतो तो अमेरिकेत, शिकागोहून निघणाऱ्या ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या नियतकालिकात, १८८५ साली. पिकांच्या आणि गुरांच्या माहितीशेजारी तो छापला गेला, हे त्याच्या स्वभावाला शोभणारेच म्हटले पाहिजे. पुढे इंग्लंडमध्ये ‘वेल्डन्स प्रॅक्टिकल क्रोशे’ने १८९७ मध्ये असाच चौकोन दिला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले, विणकामाच्या लोकरीलाही कुपने लागू लागली आणि १९४३ मध्ये सरकारनेच जुने दुरुस्त करून वापरण्याविषयी पुस्तिका काढली. जुने स्वेटर उसवून तीच लोकर धुऊन पुन्हा विणणे तेव्हा काटकसरीच्या जोडीला देशकार्यही ठरले. आज हा चौकोन जगभर ‘ग्रॅनी स्क्वेअर’ या नावाने ओळखला जातो आणि मराठी विणकाम-वर्गांतही तेच नाव रुळले आहे.

त्याची कृती थोडक्यात अशी आहे. चार साखळ्यांची माळ स्लिप स्टिचने जोडून कडे करायचे. पहिल्या खांबाच्या जागी तीन साखळ्या घ्यायच्या, त्याच कड्यात आणखी दोन खांब घालायचे आणि दोन साखळ्या घ्यायच्या. तीन खांबांचा हा पहिला गट आणि दोन साखळ्यांचा हा पहिला कोपरा. असे एकूण चार गट आणि चार कोपरे झाले की पहिली फेरी संपते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्याच्या पोकळीत एक गट, दोन साखळ्या, पुन्हा एक गट, असे विणायचे आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे जाताना एक साखळी घ्यायची. तिसऱ्या फेरीपासून कोपऱ्यांचा नियम तोच राहतो, फक्त बाजूंवर ज्या एक-साखळीच्या पोकळ्या झालेल्या असतात त्या प्रत्येकीत एक-एक गट येतो. सुई टाक्यात घालायची नसून पोकळीत घालायची असल्यामुळे टाके शोधावे लागत नाहीत, डोळ्यांना ताण पडत नाही आणि गप्पा मारता मारताही चूक होत नाही. नव्या विणणाऱ्याला पहिल्या दिवशी जमणारा आणि तरी वर्षानुवर्षे न कंटाळवणारा असा दुसरा नमुना क्रोशात क्वचितच असेल.

कोपरे सोपे वाटतात, पण चौकोन सपाट राहतो तो त्यांच्यामुळेच. कोणताही आकार मध्यापासून बाहेर वाढत असताना प्रत्येक फेरीला त्याची कड किती लांबावी, हे त्या आकाराच्या भूमितीने ठरलेले असते. वर्तुळाची त्रिज्या एका मापाने वाढली तर परीघ ६.२८ मापांनी वाढतो, कारण परीघ म्हणजे त्रिज्येच्या दुप्पट गुणिले पाय (π). मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच असतो. म्हणून मुक्या खांबांचे वर्तुळ विणताना प्रत्येक फेरीला सहा टाके वाढवायचे, हा नियम सगळे नमुने सांगतात. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे तेथे वाढही दुप्पट, म्हणजे बाराची लागते. विणणाऱ्या बायकांनी हे आकडे उसवून-विणून शोधले; त्यामागे पायची किंमत दडली आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांचे त्यावाचून काही अडलेही नाही.

हाच हिशेब चौकोनाला लावला तर तो अधिक नेमका जुळतो. मध्यापासून बाजूपर्यंतचे अंतर एका मापाने वाढले की चौकोनाची प्रत्येक बाजू दोन मापांनी आणि चारही बाजू मिळून आठ मापांनी वाढतात. माप म्हणजे खांबाची उंची आणि ती दोन टाक्यांच्या रुंदीइतकी, म्हणजे फेरीमागे सोळा टाक्यांची वाढ हवी. वर दिलेल्या कृतीत प्रत्येक फेरीला तीन खांबांचे चार गट, म्हणजे बारा खांब वाढतात आणि गटांमधल्या एका साखळीच्या चार पोकळ्या वाढतात. बारा आणि चार सोळा. गटांमधली साखळी पुष्कळ जणी गाळतात आणि हात सैल असेल तर लोकर ताणली जाऊन फरक झाकलाही जातो, परंतु हात घट्ट असेल तर त्याच चौकोनाच्या कडा आत ओढल्या जाऊन तो वाटीसारखा होऊ लागतो. उलट वाढ गरजेपेक्षा जास्त झाली तर कडेला झालर पडते. वाटी झाली की टाके कमी पडले आणि झालर झाली की टाके जास्त झाले, एवढे ध्यानात ठेवले तर नमुन्याचा कागद जवळ नसतानाही काम सुधारता येते.

कोपरे जितके कमी तितकी प्रत्येक कोपऱ्यात जास्त वाढ लागते. खांबांच्या त्रिकोणाला फेरीमागे सुमारे एकवीस टाके, म्हणजे कोपऱ्यामागे सात; चौकोनाला सोळा, म्हणजे कोपऱ्यामागे चार; षटकोनाला सुमारे चौदा, म्हणजे कोपऱ्यामागे दोनाहून थोडे अधिक. चौकोन विणण्याची सवय झालेला हात त्रिकोणात कोपऱ्याला चारच टाके वाढवतो आणि त्रिकोण फुगतो. म्हणून त्रिकोणाच्या नमुन्यांत कोपऱ्यांवर दोन वेढ्यांचे उंच खांब सांगितलेले असतात. षटकोनात चूक उलट दिशेने होते, आणि ती जाणूनबुजून केली तर तिचा एक सुंदर उपयोग आहे. सहा कोपरे ठेवायचे, पण प्रत्येकात चौकोनाइतकीच चारची वाढ करायची. आता फेरीमागे चौदाऐवजी चोवीस टाके वाढतात, म्हणजे चौकोनाच्या दीडपट, आणि असा षटकोन काही केल्या सपाट पसरत नाही. चौकोनाचे चार पाव तुकडे असतात. येथे तसेच सहा तुकडे एका मध्याभोवती गोळा झालेले असतात. ते नीट दुमडले तर तीन तुकडे वर आणि तीन खाली बसतात आणि काटकोनात वळलेली एक दुहेरी पट्टी तयार होते, जिचा एक हात म्हणजे बाही आणि दुसरा म्हणजे अंगाची अर्धी बाजू. असे दोन षटकोन पाठीवर जोडले की पुढून उघडा स्वेटर तयार होतो. षटकोनी कार्डिगन म्हणून गेली काही वर्षे लोकप्रिय असलेला नमुना तो हाच, आणि त्यात कापणे, बेतणे किंवा बाही लावणे यातले काहीही नाही.

वाढ ठरावीक न ठेवता टाक्यांच्या पटीत करत गेले, म्हणजे प्रत्येक पाच टाक्यांमागे एक वाढवायचा असा नियम कायम ठेवला, तर झालर फेरीगणिक दाट होत जाते आणि जे पृष्ठ मिळते त्याला गणितात अतिवलयी (हायपरबॉलिक) प्रतल म्हणतात. या प्रतलावर एका रेषेला बाहेरच्या एका बिंदूतून अनेक समांतर रेषा काढता येतात. कागदाची प्रतिरूपे फाटत असल्यामुळे विद्यार्थ्यांना ते हाताळता येत नव्हते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या लाटव्हियन गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये ते क्रोशाने विणून दाखवले. क्रोशा हे बायकांचे फावल्या वेळचे काम, असे समजणाऱ्यांसाठी ही घटना पुरेशी बोलकी आहे.

आकार निवडताना आणखी एक जुना नियम आडवा येतो. एकाच प्रकारच्या, बाजू आणि कोन सारखे असलेल्या आकृत्यांनी फटी न ठेवता पृष्ठभाग भरायचा असेल तर त्रिकोण, चौकोन आणि षटकोन हे तीनच पर्याय आहेत, कारण त्यांचे कोन अनुक्रमे ६०, ९० आणि १२० अंशांचे असून तेच एका बिंदूभोवतीच्या ३६० अंशांना पूर्ण भाग देतात. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा असल्याने तीन पंचकोन जोडले की फट राहते. ती बळेच मिटवली की कापड फुगते आणि बारा पंचकोनांचा बंद चेंडू होतो. लहान मुलांचा लोकरीचा चेंडू उरलेल्या लोकरीतून करायचा तर यापेक्षा सोपी युक्ती नाही. वर्तुळांची गादी मात्र नवख्यांनी टाळावी. वर्तुळे एकमेकांना फक्त बिंदूत टेकतात आणि मधली फट भरण्यासाठी निराळे तुकडे विणत बसावे लागते.

उरलेल्या लोकरीसाठी चौकोन सर्वांत सोयीचा का, याचे उत्तर त्याच्या खर्चाच्या हिशेबात आहे. पहिल्या फेरीत चार गट, दुसरीत आठ, तिसरीत बारा, चौथीत सोळा. म्हणजे चार फेऱ्यांच्या चौकोनात एकूण चाळीस गट आणि त्यांपैकी सोळा, म्हणजे चाळीस टक्के, एकट्या शेवटच्या फेरीचे. तीन फेऱ्यांवर थांबले तर शेवटची फेरी निम्मी लोकर खाते. यावरून कामाची शिस्त आपोआप ठरते: सर्वांत लहान गुंडे मध्यासाठी, त्याहून मोठे गुंडे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीसाठी, आणि सर्व चौकोनांना एकच रंग द्यायचा असलेल्या बाहेरच्या फेरीसाठी सर्वांत मोठा साठा, तोही आधी मोजून बाजूला काढलेला. बाळाच्या दुपट्यासाठी आठ बाय आठ असे चौसष्ट चौकोन घेतले तर नुसत्या शेवटच्या फेरीत १,०२४ गट होतात. एक गट विणून, उसवून, त्याला किती धागा लागला ते पट्टीने मोजावे. तो सात इंच भरला तर शेवटच्या फेरीलाच सुमारे १८२ मीटर लोकर हवी आणि जोडणीची त्याहून वेगळी. हा हिशेब न केल्यामुळे साठाव्या चौकोनाला लोकर संपण्याचे प्रकार इतके होतात की त्याला अपघात म्हणणेही कठीण आहे.

मोजण्याच्याही आधी पिशवीतली लोकर निवडायला हवी. आपल्याकडे बाजारात लोकर म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे अॅक्रिलिक असते, काही अस्सल मेंढीची लोकर असते आणि काही गुंडे सुती दोऱ्याचे असतात. या तिन्ही एका वस्तूत मिसळल्या तर पहिल्याच धुलाईत अस्सल लोकर गरम पाण्याने आटून नमद्यासारखी घट्ट होते, सुती थोडी आखडते, अॅक्रिलिक आहे तसे राहते आणि सारे चौकोन वेडेवाकडे होतात. ओळख पटत नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून जाळून पाहावा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि ती लवकर विझते, सुताला जळक्या कागदाचा वास येऊन मऊ राख पडते, अॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. जाडीसाठी लोकर पट्टीभोवती शेजारी शेजारी, न ताणता गुंडाळावी आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजावेत. ज्यांचे वेढे जवळपास सारखे ते गुंडे एकत्र चालतात आणि फार बारीक असलेली लोकर दुहेरी घेऊन विणता येते. बाजारातल्या चारपदरी लोकरीला साडेतीन ते चार मिलिमीटरची सुई साधारण जुळते. रुमालाच्या दोऱ्याची बारीक पोलादी सुई येथे उपयोगाची नाही. जुना स्वेटर उसवून काढलेली लोकर कुरळलेली असते. तिची लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून ओळंबत वाळवली की ती पुन्हा सरळ होते.

रंगांच्या बाबतीत उपदेश पुष्कळ केला जातो आणि त्यातला बराचसा निरुपयोगी असतो. डाळिंबी, मोरपंखी, अबोली, लिंबू आणि शाळेच्या स्वेटरचा राखाडी हे एकत्र शोभतील की नाही, हे रंगचक्र बघून ठरवण्याची गरज नाही. त्यांच्यात फिका आणि गडद असा फरक स्पष्ट असला म्हणजे आकृती उठून दिसते. मोबाइलवर सगळ्या गुंड्यांचे कृष्णधवल छायाचित्र काढले की हा फरक लगेच कळतो, कारण लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी छायाचित्रात पुष्कळदा एकाच राखाडी छटेचे निघतात. विसंगत रंगांना बांधून ठेवण्याचे काम बाहेरची एकरंगी फेरी करते. अमेरिकी घरांत त्यासाठी काळा रंग रूढ झाला. आपल्याकडे हळदीचा, पांढरा किंवा गडद निळाही तितकाच चांगला दिसतो. घरातल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतानाही कडेला एकाच कापडाची पट्टी फिरवतात, त्यामागे हीच दृष्टी असते.

या कामाचा खरा कंटाळवाणा भाग म्हणजे धाग्यांची टोके. प्रत्येक फेरीला नवा रंग असेल तर चार फेऱ्यांच्या चौकोनाला आठ टोके आणि चौसष्ट चौकोनांना ५१२. ती शेवटी एकदम लपवू म्हणणाऱ्यांची दुपटी अर्धवट राहतात. प्रत्येक चौकोन संपला की लगेच, किंवा पुढची फेरी विणतानाच टोक टाक्यांखाली घेऊन, ती दाबून टाकावीत. टोक किमान चार इंच ठेवावे आणि जाड नेढ्याच्या सुईने एका दिशेला ओवून पुन्हा उलट दिशेला फिरवावे, म्हणजे धुण्यात ते निसटत नाही. दोन रंगांची गाठ मारून मोकळे होणे सोपे असते, परंतु गाठ अंगाला टोचते आणि कधीतरी सुटतेच. सगळ्या फेऱ्या एकाच बाजूने विणल्या तर टाक्यांच्या स्वाभाविक कलामुळे चौकोन किंचित पिळला जातो. प्रत्येक फेरीनंतर काम उलटवून विणले की हा पीळ नाहीसा होतो. चौकोन तयार झाले की ते थर्मोकोलच्या जाड तुकड्यावर आखलेल्या मापात टाचण्यांनी ताणून, पाणी शिंपडून वाळू द्यावेत. अॅक्रिलिकवर इस्त्री टेकवू नये, त्याचा ताठपणा कायमचा जातो. जोडणी सुईदोऱ्याने टाके घालून करता येते किंवा शेवटची फेरी विणता विणताच शेजारच्या चौकोनात अडकवून. दुसरी पद्धत वेळ वाचवते, मात्र तिच्यात मांडणी आधी ठरवावी लागते.

सुट्या चौकोनांचा आणखी एक गुण असा, की ते अनेकांना वाटून देता येतात. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत ११ हजार चौरस मीटरांहून मोठी क्रोशाची चादर मांडून गिनीज विक्रम केला. देशभरातल्या आणि परदेशातल्या स्त्रियांनी आपापल्या घरी विणून पाठवलेल्या तुकड्यांतून ती उभी राहिली होती. पण घरी बसून, तुकड्यातुकड्यांनी, सवडीने करता येणे हाच गुण बाजारात कामगाराच्या विरुद्ध जातो. आंध्र प्रदेशातल्या नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी रुजवलेल्या क्रोशाच्या लेसचा अभ्यास करून जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनी हेच दाखवून दिले, की निर्यातीसाठी दिवसाचे अनेक तास राबणाऱ्या स्त्रियांना कामगार न मानता फावल्या वेळेत विणणाऱ्या गृहिणी मानले जात होते आणि म्हणूनच त्यांना अत्यल्प मजुरी देणे सोपे जात होते. नरसापूरच्या या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. नावाला संरक्षण मिळाले, मजुरीचा प्रश्न निराळा. दुपट्याच्या चौसष्ट चौकोनांत सात हजारांहून अधिक खांब असतात. एका चौकोनाला अर्धा तास धरला तरी केवळ विणण्याचे बत्तीस तास होतात, आणि टोके, ताणणे, जोडणी वेगळी. प्रदर्शनात अशी वस्तू हाती घेऊन “लोकर तर उरलेलीच होती ना” असे म्हणत भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला हा हिशेब ऐकवायला हरकत नाही.

घरच्यासाठी विणणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. दुकानात रंगीबेरंगी गुंड्यांचे ‘स्क्रॅप’ संच मिळू लागले आहेत आणि समाजमाध्यमांवरच्या चित्राशी हुबेहूब जुळावे म्हणून ते विकत घेतले जातात; उरलेले संपवण्यासाठी नवे विकत घेणे हा शुद्ध उलटा व्यवहार आहे. आहे त्या पिशवीतूनच आतल्या फेऱ्या विणाव्यात. बाहेरच्या फेरीसाठी लोकर आणावीच लागली तर एक चौकोन विणून, लागलेला धागा मोजून, हिशेबाने लागेल त्याहून एक गुंडा जास्त आणि सगळी एकाच वेळी आणावी, आणि लेबलवरचा डाय-लॉटचा क्रमांक सर्व गुंड्यांवर सारखा असल्याची खात्री करून घ्यावी. कारण रंगाचा क्रमांक तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि ती दुकानातल्या दिव्यात दिसत नाही, घरी उन्हात दिसते.